वळलेली मुळी

कालव्याच्या पाण्याने आमच्या हट्टा गावच्या शेतात मीठ फुटलं, तेव्हापासून पुंजाजीकाका त्याला शेत म्हणत नाहीत, नुसतं ‘पांढरं’ म्हणतात. वडील गेल्यावर ही जमीन काका आणि मी निम्म्या वाट्याने कसतो. या रब्बीत मी भांडून तिथे करडई पेरली, तीही वरंब्याच्या उतारावर, कारण मीठ वरंब्याच्या माथ्यावर गोळा होतं. पीक आलं नाही तर माती वीटभट्टीवाल्या जगनला द्यायची, हे काकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. माती एकदा खरवडून नेली की शेत कायमचं संपलं.

करडई वीतभर झाली आणि थांबली. पानांच्या कडा करपल्या. एका सकाळी काका बैल जुंपून, वखर घेऊन पीक मोडायलाच आले. मी बैलांपुढे बसले.

“ऊठ पोरी. मेलं ते. काहून तकलीफ करून घेऊन राहिली?”

“मेलं न्हाई. थांबलंय.”

खुरप्याने मी एक रोप मुळासकट काढलं. सरळ खाली निघालेली मुळी मध्येच वाकून उताराखालच्या सरीकडे वळली होती. काका हसले. त्यांचा जन्म मिरचीची रोपं लावण्यात गेला. मुळी वाकली की रोप फेकायचं, हा त्यांचा कायदा. तोच त्यांनी इथे लावला.

“मुळी वाकडी. आता पाह्यचं काय राह्यलं?”

असा संताप आला मला! परभणीला वनस्पतिशास्त्र शिकले ते काय दारावरच्या पाटीसाठी?

“मिरचीची मुळी रोप लावणारा वाकवतो, काका. ही पेरलेली हाय. हिला कोण वाकवणार? ही सोताहून वळली.”

मग एका दमात सगळं सांगितलं. मीठ लागलं की झाड अंगातल्याच एका संप्रेरकाने वाढीला लगाम घालतं, बाजूच्या नव्या मुळ्या काही काळ रोखून धरतं. दुसरं संप्रेरक, ऑक्झिन, मुळीच्या मिठापासून लांबच्या बाजूला सरकतं. मुळीत ते जास्त झालं की ती बाजू हळू वाढते, मिठाकडची भराभर वाढते, आणि मुळी मिठाकडे पाठ फिरवते.

“एका रोपावरून शहाणपण नको शिकवू.”

“हातच्या काकणाला आरसा कशाला? तुमच्या हातानं काढा, कुठलंबी.”

काढलं त्यांनी. मुळी सरीकडेच. मग वरंब्याच्या पलीकडच्या उतारावरचं काढलं. तिथली मुळी उलटी, त्या बाजूच्या सरीकडे; म्हणजे दोन्हीकडे माथ्यावरच्या मिठापासून लांब. वळणाच्या खाली दोऱ्यासारखे पांढरे नवे फुटवे. काकांनी ते बोटावर घेऊन उलटसुलट पाहिले. पण माघार घेतील तर ते पुंजाजी कसले?

“तुझं निम्मं ठेव. माझं मोडतो.”

त्यांनी बैल त्या अंगाला वळवले. मी उठले आणि तिकडे जाऊन बसले.

“हे माझं हाय, सरिता!”

“जमीन तुमची. पण ह्या मुळ्या जगून राहिल्या, त्या तुमच्याबी न्हाईत अन् माझ्याबी न्हाईत. चालवा बैल.”

बैल माझ्या डोक्याजवळ फुसफुसत उभे राहिले. मी हलले नाही. काकांनी शिव्या घातल्या, मला, माझ्या शिक्षणाला, कालवा काढणाऱ्यांना. शिव्या घालता घालताच वखर उलटा केला, बैल घराकडे हाकले, आणि बांधावरूनच जगनला फोन लावला.

“माती न्हाई भेटणार. काहून म्हंजी? पीक हाय तिथं!”