बुवांनी निवडलेला एकनिष्ठ खेळाडू

राजन ब्रॅम्पटनला जाणार, ही बातमी कळली आणि चारुदत्तबुवांचा आवाज बसला. कीर्तन तीन आठवड्यांवर आलेलं.

बुवा पेशाने इंजिनिअर, आता निवृत्त. टोरोंटोजवळ रिचमंड हिलच्या कम्युनिटी सेंटरमध्ये ते बावीस वर्षं कीर्तन करतायत आणि बावीस वर्षं त्यांच्या डाव्या हाताला राजन पेटीवर आहे. मी मागे झांज वाजवते. माझी झांज नसली तरी कुणाचं अडणार नाही, पण पेटीशिवाय बुवा म्हणजे चाकाशिवाय गाडी. ब्रॅम्पटनला नवं मंडळ निघालं होतं. तिथे शैलेंद्रबुवा म्हणून एक तरुण कीर्तनकार आले होते, पुण्याहून रीतसर शिकून. त्यांना पेटीवाला हवा होता आणि राजन "बघू" म्हणाला होता.

"अहो, सरळ विचारा ना त्याला," शीलावहिनी म्हणाल्या. वहिनी म्हणजे बुवांच्या पत्नी. "जाऊ नकोस म्हणा. जीभ झिजेल का?"

"कीर्तनकार सरळ विचारत नसतो, शीला. दृष्टांत देतो."

"मग द्या आणि बसा बोंबलत."

राजनला बेसबॉलचं वेड. टोरोंटोची मॅच असली की त्याच्या गाडीत दुसरं काही लागायचं नाही. तेव्हा दृष्टांत बेसबॉलचाच हवा, असं बुवांनी ठरवलं. ज्यांना बॅट कुठल्या बाजूने धरायची हेही ठाऊक नाही, ते बुवा लायब्ररीतून एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. ज्यांनी अख्खं आयुष्य एकाच संघात काढलं अशा खेळाडूंवर त्यात अख्खं प्रकरण होतं. त्यातला वॉल्टर ग्रीनवुड त्यांना फार भावला. डेट्रॉइटचा. तेरा वर्षं एकच संघ, एकच टोपी. बुवांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुस्तक कधी छापलंय, एवढं मात्र त्यांनी पाहिलं नाही.

रामनवमीच्या आठवड्यातला शनिवार. एप्रिल असून बाहेर भुरभुर बर्फ, लोकांनी विंटर टायर्स अजून काढले नव्हते. तरी साठ-सत्तर माणसं आली होती. पूर्वरंगात बुवांनी अनन्यभक्ती सांगितली. काय सांगितली! एकाच दाराशी उभं राहणं म्हणजे काय, ते असं उलगडलं की मी झांज वाजवायची विसरले. मध्यंतरात बुक्का लावला, हार घातला, गजर झाला आणि उत्तररंगाला बुवा उभे राहिले ते थेट डेट्रॉइटला.

"श्रोतेहो! या भूमीतही एक भक्त होऊन गेला. गदेसारखी बॅट खांद्यावर, अंगात संघाचा गणवेश. दुसरे संघ बोलावतायत, या या म्हणतायत. आणि वॉल्टर काय म्हणतो?" इथे त्यांनी राजनकडे अशी नजर टाकली की पुढच्या रांगेतल्या जयंतीताईसुद्धा राजनकडे बघायला लागल्या. मग स्वतः रचलेली साकी सुरू झाली:

"एकच टोपी, एकच अंगण, एकच ज्याची सेना,
हाका आल्या तरि तो दुसऱ्या दारी कधि जाईना!"

पेटी क्षणभर अडखळली. राजनची पेटी अडखळलेली मी आजवर ऐकली नव्हती. मला वाटलं, बाण लागला! बुवांनाही तेच वाटलं. त्यांनी साकी पुन्हा म्हटली, वरच्या सुरात.

तेवढ्यात बुवांची नात ईशानी, वय वर्षं अकरा, बापाच्या ब्लॅकबेरी फोनवरून डोकं वर काढून म्हणाली, "बट आजोबा, ही प्लेड फॉर फोर टीम्स!"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"आफ्टर डेट्रॉइट ही वेंट टू थ्री मोअर. इट सेज हिअर."

बुवांच्या हातातली चिपळी तिथेच थांबली. बावीस वर्षांत बुवांना शब्द सापडला नाही असं कधी झालं नव्हतं. खांद्यावरचं उपरणं घसरलं. मागून कुणीतरी खुसखुसलं.

आणि पेटीने एकदम जोरात सूर धरला. "जय जय राम कृष्ण हरी!" राजनने स्वतःच गजर उचलला. तबलेवाल्याने ठेका धरला, मी झांज आपटली, लोक टाळ्या वाजवू लागले. त्या गदारोळात राजन पेटीवरून वाकून पुटपुटला, "देहाने गेला म्हणा, बुवा. मन डेट्रॉइटलाच."

गजर थांबला. बुवांनी उपरणं सावरलं.

"होय, बाळा! देह चार संघांत गेला. देह जायचाच! पण मन? मन कुठे होतं?"

"डेट्रॉइट!" सत्तर माणसं ओरडली. ईशानीसुद्धा.

त्यानंतर कीर्तन असं रंगलं की विचारू नका. पण आरतीच्या वेळी बुवांचा चेहरा उतरलेला दिसला. देहाने जायला हरकत नाही, असं आपण भर सभेत, हार घातलेल्या गळ्याने सांगून बसलो, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं होतं.

सुंठवडा वाटून झाल्यावर स्वयंपाकघरात ते राजनसमोर उभे राहिले. दृष्टांत संपले होते.

"राजन, जाणार का रे तू ब्रॅम्पटनला?"

"गेलो होतो की. मागच्याच रविवारी."

बुवांनी ओट्याला हात टेकला. "कसं झालं?"

"उत्तम. शैलेंद्रबुवा पट्टी सोडत नाहीत, ओळ विसरत नाहीत, वेळेवर संपवतात. दोन तास पेटी वाजवली, बुवा, आणि मला जांभया." राजनने कपातला चहा संपवला. "तुम्ही काळी दोनमध्ये सुरू करता आणि काळी तीनमध्ये उतरता. मधे कुठे जाल ते तुम्हालाही ठाऊक नसतं. मला जागं राहावं लागतं. नाही म्हणून आलो मी त्यांना."

"म्हणजे मी चुकतो म्हणून तू राहतोस?"

"मग काय सुंठवड्यासाठी?"

शीलावहिनींनी पदर तोंडाला लावला. बुवांना रागवावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही थोडं थोडं केलं.

"मग आठवडाभर बोलला का नाहीस, गाढवा?"

"तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

बुवा नाक पुसून म्हणाले, "बेसबॉल आता बंद. पुढच्या खेपेला हॉकीचा दृष्टांत घेतो."

"घ्या. हॉकीतलं मलाही काही कळत नाही," राजन म्हणाला. "दोघं मिळून चुकू."