तलासरीचा थांबा

तलासरीला हायवेलगत, टायरवाल्याच्या दुकानामागे, पाटी नसलेली एक थंडगार खोली आहे. तिथल्या यंत्रांची जबाबदारी जवळच्या उधवा गावच्या लाडकीवर होती. फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून घराजवळ नोकरी मिळालेली, त्यामुळे तिची आई हिराबाई बाजारात भेटेल त्याला सांगायची, "आमची पोर किल्ल्या बनवते."

ते खोटं नव्हतं. एका बँकेचे निरोप मुंबईहून सुरतेला गुप्त लिपीत जायचे. ती लिपी उलगडायची किल्ली काचेच्या तारेतून, प्रकाशाच्या एकेका कणावर पाठवली जाई. वाटेत कुणी कण चोरून वाचू गेलं की तो बिघडतो, चुका वाढतात, दोन्ही टोकांना कळतं आणि ती किल्ली टाकून दिली जाते. पण इतक्या लांबवर हे कण टिकत नाहीत. म्हणून तलासरीत थांबा. किल्ली इथे उतरायची आणि नव्या कणांवर पुढे निघायची. उतरली की ती उघडीच. तिथे पहारा माणसाचा.

एका दुपारी लाईन चालवणाऱ्या कंपनीचे मनिष सर आले. चहा नको म्हणाले.

"लाडकी, इथे येणाऱ्या प्रत्येक किल्लीची एक कॉपी आपल्या सर्व्हरला वळवायची."

"बँकेला सांगितलंय?"

"त्यांना कशाला? तारेला आपण हातच लावत नाही. चुका वाढणार नाहीत, कुणाला पत्ता लागणार नाही."

"म्हणूनच नाही करणार, सर."

मनिष सर हसले. "ह्या तालुक्यात अशी दुसरी नोकरी दाखव मला. उद्या तुझ्या जागी कुणालाही बसवीन."

"तारेत कुणी हात घातला तर कण बोंब मारतात," ती म्हणाली. "इथे घातला तर बोंब मारायला मी आहे."

ती वळली, साठवलेल्या सगळ्या किल्ल्या पुसल्या आणि लाईन बंद केली. मनिष सर "अगं, अगं" करत पुढे धावले तोवर पडदा कोरा झाला होता.

लगेच फोन वाजला. सुरतेहून बँकेची इंजिनिअर जयश्री. लाडकीने स्पीकर लावला.

"लाडकीबेन, लाईन केम बंद? काय झालं?"

"मी बंद केली. इथे किल्लीची कॉपी मागतायत."

"कोण मागतंय?"

"समोरच उभे आहेत. बोला, सर."

मनिष सर काहीतरी गैरसमजाचं पुटपुटले. संध्याकाळी लाडकीला कामावरून काढलं. घरी आल्यावर तिने सगळं सांगितलं. हिराबाईने ऐकून घेतलं, विचारलं, "त्याच्यापुढे रडली नाहीस ना?"

"नाही."

"मग हातपाय धू. नागलीची भाकर गरम आहे."

बँकेने लाईन बंदच ठेवली. पुढच्या आठवड्यात जयश्रीचा फोन आला: कंपनीला थांब्यावरून हटवलंय, आता तिथे बँकेचीच माणसं असतील. येणार का?

"येईन," लाडकी म्हणाली, "पण किल्ल्या उतरतात ती पेटी दोन माणसांशिवाय उघडता कामा नये. मलासुद्धा एकटीला नाही."

"तुझ्यावर आमचा विश्वास आहे, बेन."

"तो ठेवा तुमच्याकडे. मला दुसरं कुलूप हवंय. नाहीतर दुसरं कुणी शोधा."

पलीकडे जयश्री मोठ्याने हसली आणि म्हणाली, "लावू. तू ये."