राखेचं पार्सल

आमच्या लालासाहेबाची एक खोड मला मुळीच खपत नाही. वीस वर्षं पलटणीत काढली, हवालदार होऊन घरी आला, खांद्यावरच्या फिती नीट न्याहाळल्याशिवाय कुणा साहेबाला सलाम ठोकला नाही. पण कपाळाला मळवट भरलेला माणूस दिसला, की ह्याचं डोकं सुटीवर जातं. तो सांगेल ते खरं. उद्या एखादा बाबा म्हणाला, की तुझी म्हैस गेल्या जन्मी मामलेदारीण होती, तर हा तिला रामराम घालून मग धार काढायला बसेल. माझंच पोर आहे, म्हणून जास्त राग येतो. दुसऱ्याचं असतं तर हसून सोडून दिलं असतं.

वैशाख अमावास्येला सांगलीत त्यानं हेच केलं. विश्रामबागेत नाथाजीरावांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कुंपणावर माणसं, पायरीवर माणसं, बायका पदरानं वारा घेत बसलेल्या, फाटकाशी गारेगारवाल्यानं गाडी लावलेली. मधोमध पाट, पाटाभोवती रांगोळी, आणि पाटावर हळदकुंकू वाहिलेलं, पांढऱ्या कापडात शिवलेलं एक टपालाचं पार्सल. टपालाच्या पार्सलाला नारळ फुटताना मी जन्मात पहिल्यांदा बघितला.

पार्सल आमचंच होतं. पेन्शनीत आल्यापासून लालासाहेबाला जुन्या नाण्यांचा नाद लागला. लोणंदच्या बाजारात, सोनाराच्या पेटीत, कुणाच्या आजीच्या बटव्यात जुनं नाणं दिसलं, की विकत घ्यायचं, घासूनपुसून ठेवायचं. मग पेपरात बारीक जाहिरात द्यायची आणि लांबलांबच्या शौकीन लोकांना टपालानं विकायचं. ह्या नाथाजीरावांनी मनीऑर्डरीनं पैसे धाडून पंचवीस राणीछाप रुपये मागवले होते. आम्ही लाकडी डबीत भरून पाठवले. कापड मी शिवलं. तोंडाच्या शिवणीवर लालासाहेबानं लाखेचे पाच ठसे मारले. ठसा त्याच्या पलटणीच्या कोटाच्या पितळी बटणाचा. तसलं बटण दुसऱ्याकडं मिळणं अवघड. आमच्या वाडीच्या टपालातल्या ज्ञानूनं वजन करून ते कापडावर लिहिलं, पावती दिली आणि पिशवी लोणंदला पोचती केली. आठ-नऊ दिवसांत नाथाजीरावांच्या सहीची पोच परत आली. सही सोमवारची.

पाठोपाठ त्यांचं पत्र. "पार्सल मिळाले. हाती घेताच चटका बसला. यात दैवी कोप आहे. उघडलेले नाही. रविवारी अमावास्येस आपल्या समक्ष उघडू. पार्सल ज्याच्या हातून गेले, त्या इसमासही सोबत आणावे."

म्हणून आम्ही तिघं पॅसेंजरनं सांगलीला आलो. मी, लालासाहेब आणि ज्ञानू. ज्ञानूची नोकरी कच्ची. घरी तीन लेकरं, म्हातारा बाप अंथरुणाला खिळलेला. त्याच्यावर एक तक्रार झाली, की उद्यापासून पिशवी दुसऱ्याच्या खांद्यावर. वाटेत त्यानं भाकरीचा घाससुद्धा तोंडात घातला नाही.

नाथाजीराव बाहेर आले. कचेरीतून निवृत्त झालेला माणूस, पण थाट असा, की आत्ताच कैलासावरून उतरलाय. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर कुंकू. त्यांनी डोळे मिटून सुरू केलं.

"धनाला धनी असतो! धन्यावर धनीण असते! धनिणीवर भगवती असते! ओम खं खणखण, झं झणझण, नाणं जाई जिथलं तिथं!"

"जय भगवती!" लोक ओरडले. त्यांत आमच्या लालासाहेबाचा आवाज सगळ्यांत मोठा. पलटणीतला आवाज तो.

"भक्तहो, हे पाच ठसे बघा. एक तरी फुटलाय का?"

पार्सल उचलून त्यांनी चहूबाजूंना दाखवलं. ठसे धड होते. लालासाहेबानं पुढं होऊन बोटानं चाचपले आणि साक्ष दिली, "माज्याच बटनाचं हायती. एकबी हललेला न्हाई."

मग नाथाजीरावांनी एकेक ठसा फोडला, वरची शिवण कापली, डबी काढली, झाकण उघडलं आणि पाटावर उपडी केली. राख! मूठभर राख, आणि राखेत एक लिंबू.

अंगणातून "आँ" असा एकच आवाज निघाला. एका बाईनं तिथंच लोटांगण घातलं. गारेगारवाल्यानं गाडी सोडून टोपी काढली.

"हे गुप्तधनातलं नाणं होतं," नाथाजीराव घोगऱ्या आवाजात म्हणाले. "वाटेत कुण्या लोभी इसमाचा हात लागला. भगवतीनं धन ओढून घेतलं! गेल्या साली पुण्याच्या एका व्यापाऱ्याची जुनी तिकिटं अशीच राख झाली. बिचाऱ्यानं मुकाट पैसे परत केले. हवालदार, तुमचा दोष नाही. दोष त्या हाताचा." आणि बोट ज्ञानूकडं. "मी तक्रार अर्ज लिहून ठेवलाय. तुम्ही सही करा. माल टपालात चोरीला गेला, इतकंच. टपालाकडून जी भरपाई येईल ती मला द्या. बाकीचे पैसे सवडीनं द्या. देवीला घाई नसते."

ज्ञानू माझ्याकडं वळला. "आक्का, लेकरांची आन घिऊन सांगतो, म्या पार्सलाला वजनाच्या काट्याबिगर कशाला लावलं न्हाई."

"ठावं हाय मला. गप ऱ्हा."

लालासाहेबानं पेन हातात घेतलं होतं. "माफ कर गड्या ज्ञानू. पर देवीनंच दावलं, तर मी काय करू?"

"त्यो पेन खाली ठेव," मी म्हणाले.

"आई, गप की! हे देवाचं काम हाय."

"मग देवाला सही करू दे. तू थांब."

मी उठले. गुडघे कुरकुरले, पण उठले. पाटावरचं लिंबू उचललं. पार्सल टाकून बारा दिवस झालेले. वैशाखातलं ऊन असं, की फडताळात ठेवलेलं लिंबूही सुपारीसारखं होतं. आणि ह्या लिंबाच्या देठाला पान होतं. हिरवंगार, टवटवीत. शेजारच्या बाईच्या हातातला पाण्याचा तांब्या घेतला, दातांनी साल फोडली आणि लिंबू तांब्यात पिळलं. चूळ भरावी एवढा रस निघाला.

"अहो आजीबाई! ते कोपाचं लिंबू आहे!"

मी चार घोट प्यायले. "साखर आसती तर बरं झालं आसतं. नाथाजीराव, बारा दिस पार्सलात कोंडलेलं लिंबू, पान हिरवं, रस पोटभर. हे कसं वो?"

पण असला माणूस एका लिंबानं थोडाच अडतो! "देवीचं लिंबू कोमेजत नाही!" ते गरजले, आणि लोक पुन्हा "जय भगवती!" मघा लोटांगण घातलेली बाई माझ्याकडं असं बघायला लागली, की मीच तिचं लिंबू चोरून प्याले.

मग मी ते रिकामं कापड हातात घेतलं. तोंडाची शिवण कापलेली होती. दोन्ही बाजूंच्या शिवणी माझ्या. मी डावरी आहे. माझ्या टाक्याचा कल उलटा पडतो. त्या डाव्या हातापायी सासूनं सणाच्या दिवशी मला कधी नैवेद्याचं ताट वाढू दिलं नाही. डावा हात अवलक्षणी म्हणे. आता त्याच हातानं मी कापडाचा तळ उलटून बघितला. तळाचे टाके दुसऱ्या कलाचे होते. उजव्या हाताचे. आणि तळाला लाखेचा एकही ठसा नव्हता. आमच्या शहाण्यानं लाख वाचवायला पाचही ठसे तोंडावरच मारले होते!

माझ्या ध्यानात सगळं आलं. पण ते बोलून उपयोग नव्हता. हा माणूस म्हणाला असता, की देवीनंच शिवलं. मग मीच म्हणायचं ठरवलं.

"लोकहो, माजं चुकलं!" मी मोठ्यानं म्हणाले. "देवी खरंच आल्ती. ह्यो बघा, तळ तिनं स्वता शिवलाय! ह्ये टाकं माजं न्हाईत."

नाथाजीरावांचा चेहरा आधी पडला, मग फुलला. "पटलं ना? पटलं ना आजीबाई?"

"पटलं म्हंजे? पन्नास वर्सं झाली वाकळा शिवतीया, आमच्या वाडीत माज्या टाक्याला तोड न्हाई. पर ह्यो टाका! बाई बाई बाई! मुंगीच्या पावलागत. एकाला एक चिकटून, आनी एक तरी वाकडा? शेवटाला गाठ मारलीया ती दिसतबी न्हाई. मानसाचा हात न्हवंच ह्यो. असला टाका घालनारी बाई सांगली-साताऱ्यात घावायची न्हाई!"

बायका पुढं सरकल्या. शिवणीतलं सगळ्यांनाच कळतं. कापड हातोहात फिरलं. "खरंच की गं!" "मशीनला लाजवंल!" "बोटं बघायला पायजेत हिची!"

स्वयंपाकघराच्या दाराआड बांगड्या वाजल्या. एक बाई उंबऱ्यावर आली. नाथाजीरावांची बायको, बयाबाई. हातांना पीठ, गाल लाल झालेले. संसारात कुणी कधी तिच्या टाक्याचं कौतुक केलं नसावं.

"आवं, देवी कुठली," ती लाजून म्हणाली. "त्ये मीच शिवलंय. काल दुपारी."

अंगणातल्या सगळ्या माना उंबऱ्याकडं वळल्या.

"तू आत जा!" नाथाजीराव ओरडले.

"जाते की. एवढंच सांगते, गाठ मला माज्या आईनं शिकवलीया. ह्येच म्हनले, टपालात तळ उसवलाय, जरा चार टाकं घाल. म्हंजे आता तुमीच सांगा, कौतुक माजं का देवीचं?"

"तुजंच गं बाई," मी म्हणाले. "पर शिवताना डबीत काय व्हतं?"

"डबी झाकलेली व्हती. म्या कशाला बघू?" मग तिचं लक्ष पाटावरच्या राखेकडं गेलं, ज्ञानूकडं गेलं, त्या अर्जाकडं गेलं. आवाज बदलला. "ह्या मानसावर कसली तक्रार चाललीया?"

"चोरीची," ज्ञानू म्हणाला. "नोकरी जाईल वैनी."

बयाबाई आत गेली. तांदळाचा डबा घेऊन आली आणि सगळ्यांसमोर पाटावर पालथा केला. तांदूळ सांडले, आणि तांदळांतून खणाखणा राणीछाप रुपये. मागून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली जुनी तिकिटं. पुण्याच्या व्यापाऱ्याची राख!

"काल तांदूळ काढताना हाताला लागलं," ती नवऱ्याला म्हणाली. "मला वाटलं, सणासुदीला ठेवलं असतील."

मग जो कल्ला झाला! नारळ आणलेल्यांनी आपापले नारळ उचलले. एकजण चप्पल काढून पुढं आला, त्याला मी अडवलं. "मारू नका. ही चप्पल पडली, की उद्या ह्योच म्हनंल, मला भक्तांनी छळलं. त्यापरीस नीट बघा, ही जादू झाली कशी."

मी कापडात हात घालून तळातून बोटं बाहेर काढून दाखवली. "ठसं वर, चोरी खाली. सोमवारी पार्सल हाती आलं. ह्यांनी तळ उसवला, डबीतलं रुपयं काढलं, चुलीतली राख भरली, काल ताजं लिंबू घातलं, आनी बायकोकडनं तळ शिवून घेतला. मग वरचं ठसं तुमच्यापुढं नाचवलं. तुमी ठसं बघत बसला. मंतर कशापायी? तळाकडं ध्यान जाऊ न्हाई म्हनून."

"आनी पैसं?" कुणीतरी विचारलं.

"त्येच तर! माल तांदळात, आनी पैसं परत पायजेत. त्येच्यापायी ज्ञानूचा बळी. पर गंमत बघा. रुपयं ह्यांनीच पैसं दिऊन घेतल्यालं. मालक ह्येच! सवताचाच माल चोरनारा चोर म्या आज बघितला."

लोक पोट धरून हसले. नाथाजीरावांच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकावर उतरलं होतं. त्याच तक्रार अर्जाच्या पाठीवर मी त्यांच्याकडून लिहून घेतलं: पार्सल पूर्ण मिळाले, टपालाची कसलीही चूक नाही. खाली सही. मला वाचता येतं ते जेमतेम, म्हणून ज्ञानूकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्या वेळेला त्याचा आवाज चांगला खणखणीत निघाला. पुण्याच्या व्यापाऱ्याला पैसे आणि पत्र पाठवायचं काम बयाबाईनं स्वतःच्या अंगावर घेतलं. त्या घरात आता कुणाचं चालणार, ते मला तिच्या उभं राहण्यावरूनच कळलं.

स्टेशनात गाडीला वेळ होता. ज्ञानूनं शिदोरी सोडली आणि दोन भाकरी एका दमात संपवल्या. लालासाहेब बाकाच्या टोकाला मान खाली घालून बसला होता.

"आई," शेवटी तो म्हणाला, "चुकलं माजं. पर मी मुळातच भोळा गं. पटकन इश्वास बसतो."

जवळच्या बाकावरची माणसं ऐकत होती. ऐकू देत, म्हटलं, आणि मुद्दाम मोठ्यानं बोलले.

"भोळा? न्हाई रं लालासाहेब. भोळं तान्हं पोर असतंय. तू आळशी हाईस. पार्सल उलटं करून बघायचा आळस, पार्सल सोमवारपास्नं त्येच्याच घरी व्हतं, ही पोचंवरची तारीख वाचायचा आळस, ताजं लिंबू आत गेलं कसं, त्ये इचारायचा आळस. तुज्या आळसापायी आज ज्ञानूच्या घरची चूल इझली असती, आनी तू म्हनला असतास, देवाची मर्जी. आता उठ, आधी त्येची माफी माग. आनी ध्येनात ठेव. कुनी चमत्कार दावला, की तिथंच उभं ऱ्हाऊन चार प्रश्न इचारायचं. इचारलं म्हनून देव कवाच रागवत न्हाई. जो रागावतो, त्यो चोर असतो."