मुंग्या न लागलेली ताटली

वळसंगच्या मारुतीपुढं पाय ठेवायला जागा नव्हती. पितळेची ताटली उंच धरून अंकुरबाबा गर्जत होता, "पोटातली मेलेली पेशी मी जिती करतो! एकीच्या दोन, दोनाच्या चार! बघा, हाय का एक तरी मुंगी?"

ताटलीत दहा वर्षांच्या रुद्राणीची लघवी होती. आठवड्यापूर्वी घरच्या वाडग्यातल्या तिच्या लघवीला, तीत साखर उतरत असल्यानं, मुंग्यांचा थर लागला होता. आज एकही नव्हती. लोक बाबाच्या पायांवर लोळू लागले.

ही १९३१ सालची हकीकत. मी गावच्या शाळेत मास्तर होतो आणि रुद्राणी माझी विद्यार्थिनी. तिला मधुमेह होता. सोलापूरच्या डॉक्टर मुकुंदरावांनी तिच्या आईला, गिरिजाबाईंना, बजावलं होतं, "स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मेल्यात. उरलेल्या एकीच्या दोन होऊन तूट भरून काढतील, अशी आशा नाही. तसं करायचं औषध जगात कुणाकडंच नाही. इन्सुलिनची सुई रोज हवी." गावभर झालेलं हे बोलणं बाबानं बरोबर उचललं होतं.

"सुई बंद केली, गुरुजी," गिरिजाबाई डोळे पुसत हसल्या. "लई रडायची की पोर."

"डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, बाई!"

"तिचं बरं झालेलं बगवत न्हाय व्हय तुमास्नी?"

मी तिथून निघून आलो. त्याची लाज अजून जात नाही.

तिसऱ्या दिवशी रुद्राणी ओकू लागली. धाप लागलेली, तोंडाला पिकल्या फळांचा वास. तिचे वडील चनबसप्पा यांनी गाडी जुंपली. मीही बसलो. वाटेत ती म्हणाली, "गुरुजी, माज्या पेशी वाडल्या की. मग एवडी तान का लागतिया?"

मुकुंदरावांनी सुई दिली, पण उशीर झाला होता. दुपारी पोर गेली.

पुढच्या बैठकीत मी बाबाची ताटली हिसकावली. गुळाचा एक खडा तिच्यात, दुसरा साध्या पानावर ठेवून दोन्ही मुंग्यांच्या रांगेत सरकवले. पानावरचा खडा मुंग्यांनी काळा झाला. ताटलीच्या काठापर्यंत मुंग्या आल्या आणि मागं फिरल्या.

"आता गुळातलीही साखर गेली का?" मी विचारलं. काठावरून बोट फिरवून लोकांच्या नाकापुढं धरलं. कापूर घातलेलं तेल! आरतीच्या वासात ते कुणालाच कळलं नव्हतं.

बाबा झोळी आवरू लागला. गिरिजाबाईंनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. आजारी लेकीला मांडीवर घेऊन बसलेल्या धुळाप्पापुढं त्या उभ्या राहिल्या.

"हिचं औशद बंद करू नगा, दादा. मी नुसतं बगितलं आन् इश्वास ठेवला. तुमी इचारा. कसं झालं, का झालं, समद्यांदेकत इचारा. माजी तर गेली."