पक्षातली सही

विनायक पोतनीस तीन महिने घरी बसला होता आणि मजेत होता. सकाळी उज्जैनच्या टावर चौकात पोहे-जलेबी, दुपारी झोप, संध्याकाळी आवाज बदलून शेजाऱ्यांना फोन: "आपका नल कनेक्शन कट रहा है." शेजारी पावत्या शोधत बसायचे, हा गॅलरीतून बघायचा.

त्याआधी आठ वर्षं तो कंट्रोल रूममध्ये होता. घाटांचे, चौकांचे कॅमेरे तिथे दिसतात. एखादा बंद पडला की चालू करायचा, हे त्याचं काम. नोकरी ठेक्यावरची. दर दोन वर्षांनी ठेकेदार बदलायचा, विनायक तोच. पण आत जायला पोलिस तपासणी झालेला पास लागतो, आणि पासाला कुठल्या तरी ठेकेदाराचं नाव लागतं. जुना ठेका संपून नवा धरला नाही, असे नव्वद दिवस गेले की पास आपोआप खलास. मग परत थाना, परत शपथपत्र, परत शेजाऱ्यांकडे चौकशी. शेजारी म्हणजे तेच, नळवाले. यात दोन-तीन महिने सहज जातात, आणि तोवर खुर्ची कोण रिकामी ठेवतं?

नवा ठेका माधव नगरच्या भय्यासाहेबांना मिळाला. विनायकला घ्यायचं पक्कं होतं, बस एक सही बाकी. पण वर्क ऑर्डर आली तेव्हा त्यांच्या घरी गणपती. विसर्जन होऊ द्या, म्हणाले. विसर्जन झालं आणि लागला पितृपक्ष. भय्यासाहेब पक्षात नवा झाडूसुद्धा घेत नाहीत. आता सह्या घटस्थापनेला, ऐसी क्या जल्दी है, असं म्हणून त्यांनी विनायकला दोनदा चहा पाजून परत पाठवलं.

पासाच्या खिडकीवर बसणाऱ्या गौरीने मात्र साफ सांगितलं. "काका, गुरुवारी नव्वद पूर्ण. सहा वाजता सिस्टिम स्वतःच बंद करते. माझ्या हातात काही नाही."

तेवढ्यात विनायकला कळलं की गुरुवारीच भय्यासाहेबांच्या वडिलांची तिथी आहे आणि जेवायला ब्राह्मण मिळत नाहीये. पक्षात उज्जैनमधले सगळे दोन-दोन घरी बुक. त्याने भय्यासाहेबांच्या बायकोला, जयूकाकूंना, फोन लावला, या वेळी स्वतःच्या आवाजात, आणि मी येतो म्हणाला. सोवळ्याला खिसा नसतो, म्हणून जॉइनिंगचा कागद आणि फोन स्कूटरच्या डिक्कीत टाकले.

आता श्राद्धाला पानावर बसलेला ब्राह्मण पाहुणा नसतो. तेवढा वेळ तो यजमानाचा बापच. विनायक ऐटीत बसला. खीर, वडे, कढी, आमसुलाची चटणी, काहीच सोडलं नाही. शेवटी गुरुजींनी खूण केली आणि भय्यासाहेबांनी वाकून हात जोडले.

"तृप्त झालात?"

विनायकने बोटं चाटली.

गुरुजी खाकरले. दोन वाजता त्यांना भैरवगढ़ला दुसरं श्राद्ध होतं. "म्हणा, तृप्त झालो."

"कसं म्हणू, गुरुजी? जेवण एक नंबर. पण घशात एक कागद अडकलाय."

भय्यासाहेब मानेपर्यंत लाल झाले. "विनायकराव, बाबांच्या पानावर बसून धंद्याचं बोलताय?"

"बाबा रेल्वेत होते ना? बदली झाली की पक्ष संपायची वाट बघत बसायचे का? आणि यात नवीन काय आहे, सांगा. खुर्ची जुनी, पास जुना, मी तर सगळ्यात जुना. आज सही केलीत तर जुनंच पुढे चालू. नाही केलीत, तर मग सगळं नवीन करावं लागेल."

भय्यासाहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं आणि निर्णय दिला की चालू काम पक्षात थांबवू नये, श्राद्ध तर मुळीच थांबवू नये.

दारात उभ्या जयूकाकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. "सासरे असेच अडून बसायचे," म्हणाल्या आणि विनायकला विचारून स्वतःच डिक्कीतून कागद आणि फोन घेऊन आल्या. भय्यासाहेबांनी हात पुसून सही केली, तारीख टाकली. फोटो गौरीकडे गेला. तृप्त झाल्याशिवाय पानावरून उठता येत नाही, म्हणून विनायक खरकट्या हाताने तसाच बसला, आणि त्याच्यापायी बाकीचे सगळे खोळंबले. दहा मिनिटांनी जयूकाकूंनी फोन वाचून दाखवला: नाव चढलं काका, पास चालू.

भय्यासाहेबांनी परत हात जोडले. आता मिशीत हसू होतं. "आता?"

"तृप्त झालो," विनायक म्हणाला, आणि आयुष्यात क्वचितच इतकं खरं बोलला असेल. मग त्याने आणखी एक वडा मागितला, पण गुरुजींनी तोवर बाहेर आपल्या स्कूटरला किक मारली होती.