निपरचा दूधपाव

"दुसऱ्याच्या जनावराच्या बशीला हात लावू नये, एवढीसुद्धा रीत नाही हिला!" परसातल्या खुराड्यापाशी एडना कडाडली. तिची सून मॉरीन हिने आजही दूधपाव मोरीत ओतला होता आणि त्या जागी सशाच्या मांसाचे तुकडे ठेवले होते, हाडांसकट.

डरहॅमकडच्या त्या खाणीच्या गावात घरोघरी फेरेट असायची; मुंगसासारखी लांबुडकी, सशाच्या बिळात सोडायची जनावरं. एडनाच्या नवऱ्याने, विल्फने, जन्मभर ती पाळली. गल्लीतल्या सगळ्या खाणवाल्यांसारखा तोही त्यांना दूधपाव कालवून घालायचा. दूध आहे की, मग पाणी कशाला, म्हणायचा. मार्चमध्ये खोकत खोकतच तो गेला. मागे राहिली एकटी निपर, त्याचं शेवटचं फेरेट. तेव्हापासून एडना सकाळी सहाला दूध कोमट करी, पाव कुस्करी. तेवढा वेळ तिला वाटे, विल्फ मागे पायरीवर बूट चढवत बसलाय.

"आई, तिची हगवण थांबत नाहीये. बरगड्या बघा तिच्या."

"विल्फची नाही कधी मेली दूधपावानं!"

"मेलीच की. तीन-चार वर्षं झाली की एकेक. बाबा म्हणायचे, नशीब."

एडनाला झोंबलं, कारण ते खरं होतं.

"मांसावर जगणारं जनावर ते. दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं लागतं. अन् पाणी कायम, जड भांड्यात. हलकं असलं की उलथवते नि तहानेली बसते."

"मास्तरीण का नाही झालीस गं तू?"

"माझ्या वडिलांनी सात फेरेट अशीच घालवली, आई, तेव्हा कुठं शिकले."

एडनाच्या ओठावर उत्तर आलं होतं, पण निपर बाहेर आली. मांसाचा एक तुकडा तिने ओढत नेऊन गवतात दडवला, दुसरा कडाकडा चावून खाल्ला. मग मॉरीनने ठेवलेल्या मातीच्या जड कुंड्यात तोंड घालून ती पाणी पीत राहिली. पीतच राहिली. एवढ्या वर्षांत या खुराड्यात कुणी असं पाणी पिताना एडनाने पाहिलं नव्हतं.

आत चुलीवर दूध उतू गेल्याचा वास आला. एडना हलली नाही.

"विल्फला कुणी सांगितलंच नाही," ती हळूच म्हणाली. "त्याचा जीव होता त्यांच्यावर."

"माहितीये, आई."

एडनाने डोळे पुसले नाहीत, नुसती मान ताठ केली.

"तुझं बरोबर आहे, मॉरीन. आता माझं ऐक. सकाळचं मांस मी घालणार, सहाला. त्या वेळी परसात पाऊल टाकायचं नाहीस तू. ती वेळ आमची आहे."