रिकामा बसलो की आखडायचो

मी एक जुना मराठी टाइपरायटर आहे, अकोल्याच्या शेषराव मास्तरांच्या टायपिंग क्लासातला. मित्रांनो, मला रिकामे बसवत नाही. हे सांगतानाही माझ्या कळा शिवशिवताहेत.

बासष्ट सालची गोष्ट. दिवसभर मुले बडवत, तोवर मी झकास चाले. पण रविवारची सुट्टी गेली की सोमवारी अक्षरे अडलेली. कळ दाबली तर अक्षर अर्ध्यात उभे, खाली यायचे नाव नाही. मास्तरांचा माझ्यावर फार जीव. त्यांनी फीत बदलली, धूळ झटकली, उन्हातून उचलून कोपऱ्यात बसवले. काहीच लागू पडले नाही, की घरच्या जवसाचे घाण्यावरचे तेल माझ्या सांध्यांत सोडत. याहून चांगले काय असणार, असे त्यांना वाटे. पोरे माझ्या चकाकीचे कौतुक करत आणि मी आतून आखडत होतो.

पंचफुला अकोटकडच्या खेड्यातून शिकायला आली होती. नोकरीच्या परीक्षेला बसणारी त्यांच्या घरातली ती पहिलीच. नापास झाली तर पुन्हा कापूस वेचायला जाणे होते. परीक्षा अमरावतीला, आणि यंत्र आपले आपण न्यायचे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती मला न्यायला आली, तर मी दगड. एक कळ हलेना. परीक्षा दुसऱ्याच दिवशी. मास्तरांनी घाईने तेच तेल मागितले.

"मास्तर, बूच निघून नाही राहिलं," ती म्हणाली.

बाटलीच्या तोंडाशी तेल वाळून पिवळा डिंक झाला होता. रिकामा बसलो की माझ्या सांध्यांतही हेच होत होते. मास्तरांनी त्यावर नख फिरवले, मग माझ्याकडे पाहिले.

"पोरी, मीच याले बांधून टाकलं."

दोघांनी मला रॉकेलने धुतले, सांधा न सांधा ब्रशने घासला. फार झोंबले. संध्याकाळी अक्षरे सुटली, तेव्हा मास्तरांनी शिवणयंत्राचे पातळ तेल जपून लावले.

अमरावतीला घंटेची वाट बघत सगळे उमेदवार बसले होते. हेच बसणे मला खाते. मी पंचफुलाहून जास्त घाबरलो होतो. घंटा झाली. तिने पहिली कळ दाबली. अक्षर उठले, कागदावर उमटले आणि खाली आले. मग ती थांबलीच नाही.

ती पास झाली आणि कचेरीत लागली. मित्रांनो, मला जखडले ते माझ्यावर जीव टाकणाऱ्यानेच, म्हणून तर इतके दिवस कुणाला संशय आला नाही. आमची काळजी घ्या, पण आम्हाला काय मानवते ते आधी बघा. आणि आता ठेवले आहे तसे मला झाकून ठेवू नका हो. कुणीतरी या, एक ओळ तरी टाइप करून जा.